लाल झाकणाची सिरिंज: एका होम केअर सिस्टरची चूक आणि तिच्या सुपरवायझरचे निर्णय

हे प्रकरण नाशिकमधलं आहे. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषध, त्याची मात्रा आणि कोणता निर्णय कशानंतर घेतला गेला, हे मात्र तसंच ठेवलं आहे, कारण सगळा मुद्दा त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत आता असे बरेच फ्लॅट आहेत, जिथे मुलं नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशात असतात आणि घरात आजारी आई-वडील. तिथे नर्सिंग ब्युरोमार्फत सिस्टर जातात. त्यांतल्या कितीतरी मुली सुरगाणा, पेठ, कळवण, हरसूलकडून आलेल्या असतात. एएनएम (परिचारिकेचा पायाभूत अभ्यासक्रम) करून नाशिकला यायचं, पंचवटीत नाहीतर म्हसरूळला तिघी-चौघींनी मिळून खोली घ्यायची आणि ब्युरो देईल त्या केसवर जायचं. एएनएमच्या अभ्यासक्रमाचा भर गावातल्या आरोग्यसेवेवर, बाळंतपण आणि लसीकरणावर असतो. पक्षाघात झालेला, नळीतून जेवण चालू असलेला, मधुमेही वृद्ध माणूस एकटीने सांभाळणं हे काम त्या बहुतेक केसवरच शिकतात.

शुभदाताई अशाच एका ब्युरोत सुपरवायझर. जीएनएम (एएनएमच्या वरचा नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, आयसीयूत बरीच वर्षं काढलेल्या. सिस्टरांच्या ड्युट्या लावणं, नवी केस बघून येणं, घरच्यांच्या तक्रारी ऐकणं आणि रात्री फोन उचलणं ही त्यांची कामं. यातलं शेवटचं काम नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं.

वॉर्डात रात्री काही बिघडलं तर शेजारी दुसरी सिस्टर असते, खाली कॅज्युअल्टीत डॉक्टर असतो. परक्याच्या घरात रात्री तीन वाजता सिस्टरकडे एक ग्लुकोमीटर, एक बीपीचं मशीन आणि एक मोबाइल एवढंच असतं. म्हणून होम केअरमध्ये रुग्णाची सुरक्षितता बरीचशी त्या मोबाइलवर टेकलेली असते: ती फोन करते का, किती लवकर करते आणि केल्यावर खरं बोलते का. या तिन्हींची उत्तरं आधीच्या फोनांवर तिला काय ऐकून घ्यावं लागलं यावर ठरतात. शुभदाताईंनी सिस्टरांना एक सांगून ठेवलं होतं, रात्रीच्या फोनवर मी फक्त पेशंटबद्दल विचारीन. बाकीचं सकाळी.

केस

आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात, उजवी बाजू गेलेली, राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, फीड. मधुमेह जुना. घरी मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्शुलिन चालू होतं. आपल्याकडे नेहमी मिळणारी ४० युनिट प्रति मिलीची वायल (औषधाची छोटी बाटली) आणि तिच्यासाठीची लाल झाकणाची सिरिंज. अख्खा डबा आणून कपाटात ठेवलेला.

छातीतल्या संसर्गामुळे आजोबा आठवडाभर रुग्णालयात होते. सुट्टी देताना डॉक्टरांनी इन्शुलिन बदललं. आता रात्री एकदाच ग्लार्जिन, हे सावकाश आणि बराच वेळ काम करणारं इन्शुलिन, १४ युनिट. डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं. ग्लार्जिनची वायल १०० युनिट प्रति मिलीची असते आणि तिला नारिंगी झाकणाची सिरिंज लागते. मेडिकलवाल्याने वायल दिली. सिरिंज हवी का असं त्याने विचारलं, तेव्हा मुलगा म्हणाला, घरी डबाभर आहेत.

लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये १४ च्या रेघेपर्यंत औषध भरलं की ०.३५ मिली होतं. ४० च्या वायलमधून घेतलं तर ते १४ युनिट. १०० च्या वायलमधून घेतलं तर ३५. म्हणजे अडीच पट.

त्या दिवशी दिवसपाळी अनिताची होती. तिच्या मुलाला ताप चढला म्हणून ती सकाळी येऊ शकली नाही. रिलीव्हर, म्हणजे बदली सिस्टर, मिळेना. रात्रपाळीची कविता सकाळपासूनच येईल का, असं को-ऑर्डिनेटरने विचारलं. कविता हो म्हणाली. डबल ड्युटीचे पैसे कुणाला नको असतात, आणि नाही म्हणणाऱ्या मुलीला पुढची केस उशिरा मिळते हेही सगळ्यांना ठाऊक असतं. को-ऑर्डिनेटरने शुभदाताईंना विचारलं आणि त्यांनी होकार दिला. डिस्चार्जचा दिवस, नवी औषधं, चोवीस तासांची ड्युटी आणि ओव्हर (पाळी बदलताना रुग्णाची माहिती) द्यायला-घ्यायला दुसरी सिस्टरच नाही, असं सगळं एकाच दिवशी जुळून आलं होतं. तेव्हा ते कुणालाच जाणवलं नाही.

ती रात्र

रात्री नऊला शुगर २१२ होती. कविताने इन्शुलिन दिलं, फीड दिलं, कूस बदलली, चार्ट भरला.

अडीचनंतर पुन्हा कूस बदलायला गेली तेव्हा आजोबांची बंडी पाठीला चिकटली होती. डिसेंबर महिना, पंखा बंद, अंगावर रजई, आणि घाम. तिने हाक मारली, त्यांनी डोळे उघडले नाहीत. ग्लुकोमीटरने ४१ दाखवलं, म्हणजे शुगर धोकादायक उतरली होती. तिने शुभदाताईंना फोन लावला.

पुढचा भाग सिस्टरांच्या प्रशिक्षणात शब्दाला शब्द सांगण्यासारखा आहे. "श्वास कसा चालूय?" "नळी जागेवर आहे का, तपासलीस?" "डोक्याकडची बाजू वर कर. तोंडातून काही देऊ नको. ग्लुकोज पावडर चार चमचे पाण्यात, नळीतून हळूहळू. मुलाला उठव. मी फोनवर आहे." बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडात साखर घातली तर ती फुप्फुसात जायची भीती असते. इथे नळी असल्यामुळे एक वाट मोकळी होती. पंधरा मिनिटांनी शुगर ६८. पुन्हा ग्लुकोज. त्यानंतर १०४. आजोबांनी डोळे उघडले आणि सुनेकडे पाहिलं.

शुभदाताईंनी पुढचा प्रश्न तेव्हा विचारला: "वायलवर काय लिहिलंय ते वाच. आणि सिरिंजचं झाकण कुठल्या रंगाचं?"

कविता थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, लाल."

हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण. अनुभवी नर्सला ४१ हा आकडा ऐकताच संशय आला असणार. मात्र झाकणाचा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला असता, तर कविताच्या हातात ग्लुकोजचा पेला असताना तिचं मन आपण काय केलं यात अडकलं असतं. शुगर वर आल्यानंतर मात्र तो विचारायलाच हवा होता, कारण उत्तरावर उपचार ठरणार होते. ग्लार्जिनचा परिणाम साधारण चोवीस तास टिकतो. १०४ दिसलं म्हणून आजोबांना घरी ठेवलं असतं तर पहाटे शुगर पुन्हा घसरली असती. मन जपायचं म्हणून शुभदाताईंनी हा प्रश्न सकाळवर टाकला असता, तर त्याला सहृदयता म्हणता आलं नसतं. ती रुग्णाची हेळसांड ठरली असती.

घरच्यांना कोण सांगणार

दुसरा क्षण लगेच आला. मुलगा खोलीत उभा होता आणि विचारत होता, एकदम असं कसं झालं?

तीन वाटा होत्या. एक, कविताने स्वतः सांगायचं. तत्त्वाला धरून हेच बरोबर वाटतं, पण एकोणीस तास जागी असलेली, थरथरणारी मुलगी चिडलेल्या माणसासमोर एकटी, त्याच्याच घरात, रात्री तीन वाजता. दोन, आत्ता फक्त "शुगर उतरली" म्हणायचं आणि कारण डॉक्टरांकडे गेल्यावर सांगायचं. ही वाट सोयीची, आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी हीच घेतली जाते. तीन, सुपरवायझरने स्वतः, तिथल्या तिथे.

शुभदाताईंनी फोन मुलाकडे द्यायला सांगितला. "इन्शुलिन चौदा युनिटऐवजी पस्तीस गेलं आहे. वायल आणि सिरिंज जुळत नव्हती. ही आमच्याकडून झालेली चूक आहे. आत्ता शुगर ठीक आहे, पण पुन्हा उतरू शकते, म्हणून ॲडमिट करावं लागेल. १०८ ला फोन करा, मी थेट हॉस्पिटलला पोहोचते." मुलगा खूप बोलला. त्यांनी ऐकून घेतलं. सिरिंज घरात होत्या असं तुम्हीच मेडिकलमध्ये सांगितलंत, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं असेल. त्या ते बोलल्या नाहीत, त्या रात्रीही नाही आणि नंतरही नाही. वायल आणि सिरिंज जुळवून पाहणं हे नर्सिंगचं काम आहे, घरच्यांचं नाही.

"आमच्याकडून" हा शब्द मला इथे महत्त्वाचा वाटतो. त्यात सिस्टरचं नाव पुढे केलेलं नाही आणि चूकही झाकलेली नाही. सिस्टरला सांभाळण्याची किंमत रुग्णाच्या खात्यातून द्यायची नाही, एवढं पथ्य पाळलं तर या प्रकरणातले बाकीचे निर्णय आपोआप समजतात.

मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात आजोबांना डेक्स्ट्रोजच्या (ग्लुकोजच्या) सलाइनवर ठेवलं, दर तासाला शुगर तपासली. रात्रीची घसरण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा दोनदा दिसली. तिसऱ्या दिवशी ते घरी गेले. मागे काही इजा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशीचे पर्याय

ब्युरोच्या मालकांचं म्हणणं सरळ होतं. मुलीला काढा, या महिन्याचा पगार रोखा, घरच्यांना सांगा कारवाई केली. घरच्यांचाही तोच सूर होता. मुलाने पोलिसांत जाण्याची भाषा केली. सून एवढंच म्हणाली की रात्री कवितानेच पाहिलं म्हणून कळलं. पण त्या दिवशी घरात तिचं फारसं कुणी ऐकलं नाही.

दुसरा पर्याय ब्युरोंच्या धंद्यात फार वापरला जातो: गाजावाजा न करता मुलीला दुसऱ्या केसवर पाठवायचं, सातपूर नाहीतर नाशिकरोडला, आणि विषय संपवायचा. वरवर हा दयाळूपणा दिसतो. मुलीची नोकरी टिकते, कुणी ओरडत नाही. पण तीच सिरिंज तशीच दुसऱ्या घराच्या कपाटात राहते. आणि मुलगीही ती रात्र तशीच घेऊन दुसऱ्या घरात जाते.

तिसरा पर्याय होता नीट चौकशीचा: पगार चालू ठेवून, काही दिवस एकटीची ड्युटी न देता.

चौकशीत एक भेद करावा लागतो. हातून नकळत झालेली चूक, सगळे करतात म्हणून अंगवळणी पडलेला धोका आणि जाणूनबुजून केलेली बेफिकिरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या डेव्हिड मार्क्स यांनी रुग्णसुरक्षेत ही मांडणी रुजवली. पहिल्यात माणसाला धीर द्यायचा आणि व्यवस्था दुरुस्त करायची, दुसऱ्यात सवय मोडायची, शिक्षा फक्त तिसऱ्यासाठी. मालकांना हे पटवताना शुभदाताईंनी मांडणी वगैरे सांगितली नाही. त्या म्हणाल्या, "हिला काढलं तर पुढच्या वेळी शुगर ४१ आल्यावर कुठलीही पोरगी मला फोन करणार नाही. ती साखर-पाणी देईल आणि सकाळी काही झालंच नाही म्हणेल. तेव्हा पेशंट जाईल, आणि तुमचा ब्युरोही." मालक गप्प झाले. पटलं म्हणून की घाबरले म्हणून, हे सांगता येत नाही.

घरच्यांची मागणी त्यांनी अर्धी मान्य केली. कविताला त्या केसवरून काढलं. त्यांच्या घरात कोण यावं हे ठरवायचा हक्क त्यांचा, विश्वास एकदा गेला की तिथे युक्तिवाद चालत नाही. पण नोकरीवरून काढलं नाही आणि तेही घरच्यांना स्पष्ट सांगितलं. त्या महिन्याचं ब्युरोचं बिल माफ केलं. रुग्णालयाचा खर्चही ब्युरोने द्यावा असा शुभदाताईंचा आग्रह होता. तो मालकांनी मानला नाही.

कविताची भेट

त्याच दुपारी शुभदाताई कविताच्या खोलीवर गेल्या. ऑफिसात बोलावलं असतं तर ती आलीच नसती, बॅग भरून ठेवलेली होती. संध्याकाळच्या एसटीने गावाला जायचं आणि परत यायचं नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

अशा वेळी तोंडात येणारं वाक्य म्हणजे, "जाऊ दे, काही झालं नाही ना." ते खोटं असतं, आणि समोरच्याला ते कळतं. शुभदाताई म्हणाल्या, "चूक तुझ्या हातून झाली. डबल ड्युटीला हो मी म्हटलं होतं. रिपोर्टमध्ये मी दोन्ही लिहिणार आहे." मग तिने सकाळपासून खाल्लं नव्हतं म्हणून खोलीतल्या दुसऱ्या मुलीला पोहे करायला लावले. बाकी बरंच बोलणं झालं असेल, आपल्यासाठी हे पुरे.

हातून चूक झालेल्या आरोग्यसेवकाच्या मनावर किती ओझं येतं, याकडे अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली लक्ष वेधलं. झोप उडते, हात कापतात, काही जण पेशाच सोडतात. ब्रिटनमधले मायकेल वेस्ट सहृदय नेतृत्वाच्या चार पायऱ्या सांगतात: लक्ष देणं, समजून घेणं, समोरच्याचं दुःख जाणणं आणि मदत करणं. पहिल्या तीन पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, म्हणून व्याख्यानं त्यांच्यावरच संपतात. इथे चौथी पायरी म्हणजे चार दिवसांची भरपगारी रजा आणि नंतर दोन आठवडे एका ज्येष्ठ सिस्टरसोबत दिवसपाळी. या काळात इन्शुलिन कविताच भरायची, ज्येष्ठ सिस्टर फक्त बघायची. तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली असती तर भीती तशीच राहिली असती.

व्यवस्थेत केलेले बदल

महिन्याच्या बैठकीत शुभदाताईंनी टेबलावर १०० ची रिकामी वायल पाण्याने भरून ठेवली, शेजारी लाल झाकणाच्या सिरिंज, आणि पाच सिस्टरांना सांगितलं, चौदा युनिट भरा. दोघींनी काही न विचारता भरलं. खोलीतली कुजबुज तिथे थांबली. त्याच जागी दुसरी माणसं असती तर तीही चुकली असती का, हा चौकशीतला जुना आणि उपयोगी प्रश्न आहे. त्याचं उत्तर सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

त्यानंतरचे नियम साधे आहेत. इन्शुलिनची वायल आणि तिची सिरिंज एकाच डब्यात राहील. इन्शुलिन बदललं की जुन्या सिरिंज त्याच दिवशी घराबाहेर. डिस्चार्जच्या दिवशी नव्या औषधांचा पहिला डोस सुपरवायझरला व्हिडिओ कॉलवर दाखवल्याशिवाय द्यायचा नाही. बारा तासांच्या वर ड्युटी गेली तर इन्शुलिनसाठीही तसंच. आणि दोन रिलीव्हर कायम राखीव ठेवायच्या, केस नसेल त्या दिवशी अर्धा पगार देऊन. मालकांशी खरी झटापट या शेवटच्या नियमावर झाली, कारण बाकी सगळे नियम फुकट होते.

परिणाम

कविता टिकली. आता ती पुन्हा रात्रपाळी करते आणि नव्या मुलींना वायल वाचायला तीच शिकवते. आजोबांच्या घरच्यांनी महिना संपल्यावर ब्युरो बदलला. शुभदाताईंनी नव्या ब्युरोच्या सिस्टरसाठी औषधांचा तक्ता लिहून दिला, तो त्यांनी घेतला.

रात्रीचे फोन वाढले. पडता पडता वाचलेले पेशंट, चुकून दुपारी दिलेली सकाळची गोळी, निघालेली नळी, सगळं कळायला लागलं. मालकांनी विचारलं, चुका वाढल्या की काय? याचं उत्तर आकड्यांत देणं अवघड आहे, कारण आधीच्या चुका कुणी मोजल्याच नव्हत्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात उघड गोष्ट म्हणजे डबल ड्युटी. डिस्चार्जच्या दिवशी डबल ड्युटीला नकार द्यायला हवा होता आणि रिलीव्हर नसेल तर सुपरवायझरने स्वतः दोन तास जाऊन औषधं लावून द्यायला हवी होती. सिस्टरच्या "हो"मध्ये तिची इच्छा किती आणि नाइलाज किती, हे न विचारता तो होकार धरला गेला.

बैठकीतल्या प्रयोगाबद्दल माझं मत दोलायमान आहे. शुभदाताईंनी आधी कविताची परवानगी घेतली होती आणि नाव घेतलं नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं. नुकतीच तिची नोकरी वाचवलेल्या सुपरवायझरने विचारल्यावर ती मुलगी नाही कशी म्हणणार? महिनाभर थांबून केला असता तरी प्रयोग तेवढाच उपयोगी ठरला असता.

राहिली अनिता. सगळ्यांचं लक्ष कवितावर होतं. "ती आली असती तर हे झालंच नसतं" असं सिस्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आडून आडून लिहिलं जात होतं. शुभदाताई त्या ग्रुपमध्ये नव्हत्या, आणि अनिताला कुणी काही विचारलंही नाही. तापाने फणफणलेल्या मुलाजवळ थांबलेली आई महिनाभर टोमणे ऐकत कामावर येत राहिली आणि मग सोडून गेली. ती का गेली हे शुभदाताईंना तिच्या जागी आलेल्या मुलीकडून कळलं. त्यांनी फोन केला, अनिताने उचलला नाही. आता कुठल्याही घटनेनंतर त्या दिवशी ज्या ज्या सिस्टरचा त्या केसशी संबंध होता, सुट्टीवर असलेलीसुद्धा, त्या प्रत्येकीशी आठवड्याच्या आत बोलायचं असं त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवलं आहे. ब्युरोच्या नियमांत ते अजून आलेलं नाही.